शून्य डोसचा बॅज

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातूरच्या हाडांच्या दवाखान्यांत काय, एक्स-रे आणि सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र, दिवसभर चालू असतात. तिथल्या टेक्निशियनच्या छातीवर एक छोटा प्लास्टिकचा बॅज असतो, टीएलडी बॅज. निदान असायला हवा.

बॅजच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात. साधारण तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकत्या तापवल्या जातात आणि निघणाऱ्या प्रकाशावरून डोस ठरतो. बॅज फक्त किरण मोजतो. तो कोणाच्या छातीवर होता की खुंटीवर, हे त्याला कळत नाही.

सगळी गडबड इथेच होते. घाईत लेड एप्रन बॅजसकट एक्स-रे खोलीतच टांगून टेक्निशियन जेवायला जातो. तो नसताना काढलेल्या एक्स-रेंचे विखुरलेले किरण त्याच्या नावावर चढतात. उलट, ऑपरेशनला उभ्या सर्जनचा बॅज कपाटात पडून असतो आणि अहवालात शून्य येतं. मग सगळे खूश! खरं तर जास्त डोस दिसला तर चौकशी तरी होते. या शून्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

त्याहून दुर्लक्षित असतो कंट्रोल बॅज. तो कोणी वापरायचा नसतो, किरणांपासून लांब ठेवायचा असतो, कारण त्याचं वाचन बाकी सगळ्यांच्या वाचनातून वजा होतं. तोच एक्स-रे खोलीच्या ड्रॉवरमध्ये राहिला, तर कर्मचाऱ्यांना खरोखर मिळालेला डोस कागदावरून गायब होतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30. मोजमापच खोटं असेल तर ही मर्यादा पाळली की मोडली, हे सांगणार कोण?

बॅज तापला तर चकत्यांत साठलेली ऊर्जा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच निघून जाऊ शकते, आणि मराठवाड्यात मे महिन्यातलं ऊन सांगायला नको. तरीही बॅज दुचाकीच्या डिकीत जातो, कधी कपड्यांबरोबर धुण्यात.

दोष एकट्या टेक्निशियनचा नाही. बॅज ठेवायला जागा कुठली, हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. दवाखान्याच्या मालकांनी एक्स-रे खोलीपासून दूर, सावलीत, नावानिशी खुंट्यांचा एक फळा लावावा. कंट्रोल बॅजही तिथेच राहू द्यावा. आणि कर्मचाऱ्यांनी दर तिमाहीला आपला डोस अहवाल मागून घ्यावा. तो पाहण्याचा त्यांना हक्क आहे.