वृद्धाश्रमाची भेट वर्षातून एकदाच का?

गेल्या वर्षी १ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, माझ्या मुलीच्या शाळेने तिसरीच्या मुलांना जवळच्या वृद्धाश्रमात नेलं. प्रत्येकाने एक चित्र काढून न्यायचं होतं. मदतीला पालक म्हणून मीही गेलो. मुलीने घर काढलं होतं. एका आजोबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दार छान आहे, पण कडी कुठे आहे?" आजोबांनी आयुष्यभर सुतारकाम केलेलं. तिने तिथेच बसून कडी काढली, त्यांनी बिजागरी काढून दाखवली. दोघांनाही आजूबाजूचं भान नव्हतं. मग शिट्टी वाजली, सगळ्यांचा फोटो झाला आणि बस निघाली.

त्यानंतर मुलीने चार-पाच वेळा विचारलं, "आजोबांना खिडकी दाखवायचीय, कधी जायचं?" शाळेकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पाहुण्यांसमोर एकदा चालवून दाखवायचं, त्याला आम्ही डेमो म्हणतो. रोज वापरायच्या गोष्टीला देखभाल लागते. शाळांच्या या भेटी डेमोच राहिल्या आहेत. चित्र भिंतीवर राहतं, काढणारं मूल परत येत नाही.

ज्येष्ठांसाठी २००७ साली कायदा झाला. त्याच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम अपेक्षित आहे. कायदा छप्पर देऊ शकतो. पण "कडी कुठे आहे" हे विचारायला समोर कुणीतरी लागतं, ते कायद्याने मिळत नाही.

आपल्या समाजात "आमच्याकडे आईवडील घरीच असतात" असं अभिमानाने सांगतात. वृद्धाश्रमाचं नावही नको असतं. पण माझी अम्मी गावी एकटी राहते आणि मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. एकटेपणा स्वतःच्या घरातही असतो. तेव्हा वृद्धाश्रमात जाताना दया नको आणि मोठेपणाही नको.

करता येण्यासारखं बरंच आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यातले तीन-चार दिवस वर्षभरात विभागून एकाच वृद्धाश्रमाला द्यावेत. शंभर मुलं नेण्यापेक्षा दहा-बाराच न्यावीत आणि दर वेळी तीच. चित्रं घरून आणण्याऐवजी तिथेच, आजी-आजोबांबरोबर बसून काढावीत. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

काही पालक म्हणतात, मुलांच्या मनावर परिणाम होईल; ओळखीचे आजोबा एखाद्या वेळी दिसलेच नाहीत तर काय सांगायचं? खरं तेच सांगावं. मुलं रडतील, पण कुणाची तरी ओळख झाली होती म्हणून रडतील. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, हेही खरं. म्हणून ने-आण पालकांनी वाटून घ्यावी.

आम्ही चार पालकांनी मुख्याध्यापिकांना तसं पत्र दिलं आहे. उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवलंय. आश्रमाच्या व्यवस्थापकांची परवानगी घेतली आहे, येत्या रविवारी मुलीला नेतोय. खिडकी काढून तयार आहे. पुढच्या सुट्टीत तीच वही घेऊन अम्मीकडे जायचं आहे.