सत्कार झाला, आता पाठराखण कोण करणार?

नीटचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या जाहीर झाल्या की आपल्या वस्त्यांमध्ये आनंदाला उधाण येते. बुद्धविहारात सत्कार होतो, चौकात फलक लागतो, 'आपल्या समाजाचा डॉक्टर' म्हणून पेढे वाटले जातात. यात गैर काहीही नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर गिरवण्याचीही बंदी होती, त्याने एमबीबीएसच्या प्रवेशाचा आनंद साजरा केलाच पाहिजे. परंतु आमचा प्रश्न पुढचा आहे. प्रवेशानंतर काही महिन्यांनी त्याच मुलाची पहिली अंतर्गत परीक्षा होते. अ‍ॅनाटॉमीत शंभरपैकी बत्तीस गुण पडतात, फिजिऑलॉजीत त्याहूनही कमी पडतात. त्या दिवशी त्याच्याजवळ कोण असते? फलक लावणारे नसतात आणि हार घालणारेही नसतात. मुलगा घरी फोन करतो आणि 'पेपर बरे गेले' असे सांगतो. पुढच्या सगळ्या संकटाची सुरुवात या एका वाक्यापासून होते.

प्रथम हे गुण कमी का पडतात ते समजून घेऊ. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, समोर चार पर्याय असतात, त्यातला एक निवडायचा असतो. मुलगा दोन-तीन वर्षे हाच सराव करतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तीन मुख्य विषय येतात आणि परीक्षेची तऱ्हाच बदलते. दीर्घोत्तरी प्रश्न लिहायचे, आकृत्या काढायच्या, डिसेक्शन हॉलमध्ये समोर ठेवलेला अवयव ओळखायचा आणि परीक्षकासमोर उभे राहून इंग्रजीत बोलायचे. नीटची परीक्षा मराठीतून देता येते, परंतु पुढचे सगळे शिक्षण इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला उत्तर माहीत असते, पण ते इंग्रजी वाक्यात बसवेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. ज्याच्या घरात आधीच दोन डॉक्टर आहेत त्याला कोणते पुस्तक कधी वाचायचे, कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, हे जेवणाच्या ताटावर कळते. आमचा मुलगा चौरसियांचे जाडजूड खंड पहिल्या पानापासून पाठ करायला बसतो आणि परीक्षेपर्यंत हातापायांतच अडकून राहतो. त्यात शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही, मेसचे पैसे थकतात. ही कारणे बुद्धीची नाहीत, परिस्थितीची आहेत.

नेमक्या याच वेळी 'कोट्यातून आलेल्यांना हे झेपत नाही' असा टोमणा कानावर येतो. हा टोमणा मारणाऱ्यांना एक साधी गोष्ट ठाऊक असते, पण ते ती सांगत नाहीत. आरक्षण प्रवेशापुरते असते. एमबीबीएसच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी आमच्या मुलाला एका गुणाचीही सवलत मिळत नाही. तीच प्रश्नपत्रिका, तोच उत्तीर्णतेचा निकष, तीच पदवी. पैशाच्या बळावर खासगी महाविद्यालयातील व्यवस्थापन कोट्याची जागा घेणाऱ्याच्या गुणवत्तेची मात्र कोणी चौकशी करीत नाही. आमच्या मुलाचा एक नापास शेरा त्याच्या जातीच्या खात्यावर लिहिला जातो, दुसऱ्याचा नापास शेरा त्याच्या एकट्याच्या खात्यावर राहतो. आपल्या बत्तीस गुणांनी सगळ्या समाजाची मान खाली गेली, असे त्या अठरा वर्षांच्या मुलाला वाटू लागते. हे ओझे आम्हीही नकळत त्याच्यावर ठेवलेले असते, कारण फलकावर आम्ही त्याच्या नावाआधी 'समाजाचा अभिमान' असे लिहिलेले असते.

गुण देणाऱ्याचा हात नेहमी स्वच्छ असतो असेही नाही. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतील मूल्यमापन अन्यायकारक होते, असे प्रतिसाद देणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांपैकी ८४ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. शिक्षकांकडून पुरेसे सहकार्य मिळत नाही, असे ६९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, तोंडी परीक्षेत समोर आडनाव उभे असते, हा फरक विसरून चालणार नाही. दिल्लीच्याच वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजी या एकाच विषयात वारंवार नापास होऊ लागले. ते गप्प बसले नाहीत. प्रकरण न्यायालयात आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगापर्यंत गेले. आयोगाने मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. भालचंद्र मुणगेकर यांच्याकडे चौकशी सोपवली आणि २०१२ मधील त्यांच्या अहवालाने जातीय भेदभाव झाल्याचा निष्कर्ष काढला.

येथे आम्हाला चळवळीतील बांधवांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. कमी गुणांची कारणे दोन प्रकारची असतात आणि त्यांची सरमिसळ केल्यास विद्यार्थ्याचे नुकसान होते. अभ्यासाची पद्धत चुकली, इंग्रजी कमी पडले, हजेरी घसरली, तर त्यावर उपाय अभ्यासाचाच. तेथे केवळ व्यवस्थेला दोष दिला तर व्यवस्थेचे काही बिघडत नाही, मुलाचे वर्ष जाते. उलट, परीक्षकाने जाणीवपूर्वक डावलले असेल तेथे 'अजून मेहनत कर' हा सल्ला म्हणजे अन्यायाला दिलेली संमती होय. हे ओळखायचे कसे? पुराव्याने. उत्तरपत्रिका पाहावी. माहिती अधिकार कायद्याखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेला आहे. लेखी आणि तोंडी गुणांत मोठी तफावत आहे काय, एकाच विभागात आपलेच विद्यार्थी दरवर्षी नापास होतात काय, हे मांडून पाहावे. वर्धमान महावीरच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न ऐकावा लागला, कारण ते एकेकटे रडत बसले नाहीत, त्यांनी एकत्र येऊन नापासांचा हिशेब मांडला.

बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेकडे आपण नेहमी शिखरावरून पाहतो. पायथ्याकडेही पाहिले पाहिजे. १९०७ मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत सदतीस टक्के. तरीही समाजाने त्यांचा सत्कार केला. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. महत्त्वाचे त्यापुढचे आहे. केळुसकर सत्कार करून घरी बसले नाहीत. पुढे महाविद्यालयीन शिक्षणात पैशाची अडचण आली तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. लंडनमध्येही सगळे सरळ झाले नाही. १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे सुधारून लिहिण्यासाठी परत आला. बाबासाहेब तोवर पैशाअभावी मुंबईला परतण्याच्या टोकाला आले होते. त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला, १९२३ मध्ये मुंबईहून पाठवला आणि डी.एस्सी. मिळवली. परत आलेला कागद म्हणजे माणसाचा निकाल असे त्यांनी मानले असते तर आज आपण कोठे असतो?

आज ६५० गुणांचा सत्कार करणारे शेकडो आहेत. २८२ गुणांच्या मुलामागे उभा राहणारा केळुसकर मात्र शोधावा लागतो.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आमचे सांगणे असे. पहिली अंतर्गत परीक्षा ही वर्षभरातील अनेक परीक्षांपैकी एक आहे. विद्यापीठ परीक्षेला बसण्यासाठी अंतर्गत मूल्यमापनात थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकी किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात, म्हणजे भरून काढायला अजून जागा आहे. हजेरीची अट थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के आहे. निराश होऊन खोलीत बसणारा मुलगा गुणांआधी हजेरीत अडकतो, म्हणून काही झाले तरी वर्ग सोडू नये. उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांकडे जावे आणि गुण कोठे गेले ते विचारावे. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. दोघा-तिघांनी मिळून रोज अर्धा तास एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यावी, मोठ्याने, इंग्रजीत, चुकत-माकत. तोंड उघडल्याशिवाय व्हायवाची भीती जात नाही. आणि समजा, वर्षअखेरीस एखादा विषय राहिलाच, तर सप्लिमेंटरी परीक्षा आहे. पहिल्या वर्षासाठी चार संधी आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षे नियमानेच दिलेली आहेत. दवाखान्यात आलेला रुग्ण डॉक्टरला पहिल्या इंटर्नलचे गुण विचारत नाही.

घरी मात्र खरे सांगावे. आईवडिलांना अ‍ॅनाटॉमी कळत नसेल, पण नापास होणे म्हणजे काय आणि पुन्हा उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळते? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पदवीच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले. म्हणजे हा त्रास एका जातीचा किंवा एका दुबळ्या मनाचा नाही. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. मदत मागण्यात कमीपणा नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत आपण डॉ. पायल तडवी यांना गमावले. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप असलेल्या त्या प्रकरणाने एकटे पडणे किती जीवघेणे असते ते महाराष्ट्राला दाखवले. आणखी एकही नाव त्या यादीत जाता कामा नये.

महाविद्यालयांनाही जबाबदारी झटकता येणार नाही. मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग आणि मार्गदर्शक शिक्षक ही तरतूद नियमांत आहे. ती कागदावर आहे की वर्गात, हे आपल्या संघटनांनी जाऊन विचारले पाहिजे. समान संधी कक्ष कोठे आहे, त्याची बैठक शेवटची कधी झाली, याचे उत्तर अधिष्ठात्यांकडून लेखी घेतले पाहिजे.

परंतु सगळ्यात मोठी जबाबदारी आपली स्वतःची आहे. आज महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात आपले डॉक्टर आहेत. बाबासाहेबांमुळे मिळालेली पदवी त्यांच्या भिंतीवर टांगलेली आहे. त्यांनी आपापल्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला कोण आले त्यांची नावे मिळवावीत. प्रत्येकाने दोन विद्यार्थी दत्तक घ्यावेत, महिन्यातून एकदा भेटावे, जुनी पुस्तके द्यावीत, मेसचा एखादा हप्ता भरावा. विहारातील सत्कार समितीने हारतुऱ्याचा खर्च निम्मा करून उरलेली रक्कम या कामासाठी ठेवावी. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा आदेश आपण भाषणात रोज उच्चारतो. नापासाचा शेरा घेऊन वसतिगृहाच्या खोलीत बसलेल्या मुलापर्यंत तो पोहोचला तरच त्याचे पालन झाले असे म्हणता येईल. पुढच्या वेळी त्याच्या गळ्यात हार घालताना कार्यकर्त्यांनी त्याचा फोन नंबर लिहून घ्यावा आणि पहिल्या इंटर्नलचा निकाल लागेल त्या दिवशी तो लावावा.

जयभीम!