परसातील बदके आणि साप
खामगाव परिसरात पावसाळा लागताच परसात साप दिसू लागतात आणि लगेच काठी उगारली जाते. परंतु साप मारल्याने बदके सुरक्षित होत नाहीत. धामण प्रसंगी पिले गिळते, पण धान्य नासणारे उंदीरही तीच खाते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिले आहे. बदक कोंबडीप्रमाणे दांडीवर बसत नाही, जमिनीवरच निजते. म्हणून खरा दोष उघड्या खुराड्याचा आहे. त्यास अर्ध्या इंचाची जाळी ठोकावी व तिची कड वीतभर जमिनीत पुरावी, म्हणजे मुंगूसही उकरून शिरणार नाही. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. सकाळी ९ पर्यंत ती कोंडून ठेवल्यास अंडीही हाती लागतात. ग्रामसेवकांनी हे शेतकरी बंधूंना पटवून द्यावे.