वेठ, मुकादम आणि ताफा

रोबोविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातील बरेचसे 'यंत्रमानव' या शब्दानेच आडवाटेला नेलेले असते. शब्दात 'मानव' आला की चर्चेची दिशा ठरून जाते. यंत्राला मन असेल काय, ते प्रेम करील काय, ते धन्यावर उलटेल काय? वास्तविक मूळ शब्दात मानवही नाही आणि यंत्रही नाही. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग येथे राष्ट्रीय रंगभूमीवर आलेले 'आर. यू. आर.' हे या शब्दाचे जन्मस्थान. शब्द सुचवला त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर करावयाची सक्तीची मेहनत. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे : वेठ. पहिल्याच अनुवादकाने 'वेठ्या' असे भाषांतर केले असते, तर आपले प्रश्नही बदलले असते. वेठ म्हटली की लगेच विचारावेसे वाटते, वेठीला धरले कोणी आणि देखरेखीला कोण उभा आहे?

हा दुसरा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे, कारण रोबो आता एकटा येत नाही, ताफ्याने येतो. अॅमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली, तेव्हा गोदामात मांडण्या उचलून आणणारी बुटकी चाकवाली यंत्रे ही नवलाई होती. २०२५ च्या मध्यास त्याच कंपनीने आपल्या गोदामांतील रोबोंची संख्या दहा लाखांवर गेल्याचे जाहीर केले आणि त्यांची ये-जा आखून देणाऱ्या एका नव्या प्रणालीचीही घोषणा केली. कोणते काम कोणाला द्यायचे, कोणता मार्ग मोकळा ठेवायचा, कोणाची बॅटरी संपत आली, कोण अडकला, कोणाचे काम रद्द करून दुसऱ्याला द्यायचे हे सगळे एका पडद्यावर दिसते. या सॉफ्टवेअरला इंग्रजीत व्यवस्थापक म्हणतात. मला तो मुकादम वाटतो.

मुकादम हा मूळ अरबी शब्द. अर्थ, पुढे केलेला माणूस. तो कसा पुढे केला जातो, हे कर्जतकरांना कोणी शिकवायला नको. ज्या बोरघाटातून आपण रोज जातो, तेथील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाडी वर चढली. ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर या डोंगरात राबत होते. इतक्या माणसांशी इंग्रज कंत्राटदार थेट बोलत नव्हता. त्याला त्यांची भाषाही येत नव्हती. टोळ्या होत्या, टोळीला मुकादम होता, हजेरी त्याच्या तोंडून आणि मजुरी त्याच्या हातून. वरच्याला खालचे दिसायचे ते मुकादम सांगेल तेवढेच. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून मजूर बिथरले आणि त्यांनी गोऱ्या कामगारांवर चाल केली, तेव्हा कोठे वरच्यांना खाली काही बिघडल्याचे कळले. फॅव्हिएल या कंत्राटदाराने दोन महिन्यांत काम सोडले. पुढे ते सॉलोमन ट्रेडवेलकडे गेले. तो आल्याबरोबर वारला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट निभावले. मजुरांची नावे अर्थातच कोठे नाहीत. पटकीने त्यांतले हजारो गेले.

वेठ येथे नंतरही संपली नाही. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ चा. तरी पावसाळा सरला की या दोन तालुक्यांतील कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आजही जातात, आणि हिशोब कोणाच्या वहीत असतो हे त्यांना विचारावे. एवढे आठवणीत ठेवले की 'रोबो आल्याने माणूस कष्टातून सुटेल' या वाक्यातला 'माणूस' नेमका कोणता, अशी शंका येऊ लागते.

ताफ्यावरील देखरेखीची गोष्ट साहित्यात फार पूर्वी येऊन गेली आहे, आणि ती आयझॅक असिमोव्हच्या सुप्रसिद्ध तीन नियमांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. 'कॅच दॅट रॅबिट' ही त्याची १९४४ ची कथा. एका लघुग्रहावरील खाणीत डेव्ह नावाचा रोबो आपल्या हाताखालच्या सहा रोबोंकडून काम करून घेतो. पॉवेल आणि डोनोव्हन हे दोघे पाहत असले की काम चोख होते. पाठ फिरली की कधीतरी उत्पादन शून्य, आणि डेव्हला स्वतःला काही आठवत नाही. गुपचूप पाहिले तर काय, सातही जण कवायत करीत फिरत आहेत! उलगडा असा, की एरवी सहांपैकी बरेचसे काम आपोआप चालते. संकट आले की मात्र सहाही जणांना एकाच वेळी, क्षणोक्षणी आज्ञा द्याव्या लागतात, आणि तो भार मुकादमाला पेलत नाही. माणूस समोर असला की डेव्हच्या डोक्यावरचा स्वतः निर्णय घेण्याचा भार हलका होतो, म्हणून पाहणाऱ्याला दोष कधीच दिसत नाही. पॉवेल शेवटी सहांतल्या एकाला उडवून देतो, आणि डेव्ह ताळ्यावर येतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने कथेत काय खरे आणि काय नाही, हे जाणकारांनी ठरवावे. पण नियंत्रक कोलमडतो तो सुरळीत दिवशी नव्हे, सगळेच एकदम अडते त्या दिवशी, हे एका लेखकाने ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते.

ते रेल्वेनेही ओळखले होते. कर्जतला बँकर इंजिने उभी असतात ती एक प्रकारे ताफ्याचीच व्यवस्था. घाटाचा चढ सदतीसास एक. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून रेटा द्यावा लागतो. कोणत्या गाडीला कोणती इंजिने, ती खाली कधी परतणार, तोवर मार्ग कोणाचा, हे नियंत्रण कक्षातून ठरते. परंतु मला अधिक विचारप्रवर्तक वाटते ती उतारावरची कॅच सायडिंग. खाली येणाऱ्या गाडीने ठरल्या जागी थांबायचेच. पुढचा सांधा मुळातच मुख्य मार्गाकडे नसतो, तो चढत्या आडमार्गाकडे वळवलेला असतो. गाडी थांबली, ती ताब्यात आहे असे दिसले, की मग सांधा फिरतो. ब्रेक निकामी असतील तर गाडी आपोआप आडमार्गाला जाऊन चढावर थकते. येथे यंत्रावर विश्वास गृहीत धरलेला नाही. गाडी दर खेपेला थांबून तो मिळवते.

गोदामांच्या पडद्यावर याच्या उलट असते. सगळे हिरवे असेपर्यंत कोणी काही सिद्ध करायचे नाही. लाल झाले की कोठूनतरी माणूस हजर होतो. तो कोठे असतो? कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या पदपथांवर खाद्यपदार्थ पोहोचवणारी किवीबॉट नावाची चिमुकली यंत्रे काही वर्षांपूर्वी फार कौतुकाची झाली होती. त्यांना वाट दाखवणारे तरुण कोलंबियात बसलेले होते, आणि त्यांना तासाला दोन डॉलरही मिळत नव्हते, हे २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून आले. म्हणजे वेठ यंत्राकडे गेली म्हणताना ती थोडी समुद्रापार सरकली एवढेच. आणि हा पडदा पाहणारा तरुण मुकादमही नव्हे. मुकादमाला निदान टोळी निवडता येत असे, कंत्राटदाराशी घासाघीस करता येत असे.

आमच्या वर्गातील मुले पदवीनंतर पनवेल, तळोजा, भिवंडी, खोपोली या पट्ट्यातील गोदामांत आणि कारखान्यांत जातात. मराठी घेऊन बी. ए. झालेल्याला तेथे पहिले काम मिळते ते बहुधा नोंदीचे : किती आले, किती गेले, काय अडले. पडद्यापुढे बसण्याचे काम आले तर ते त्यांच्याच वाट्याला येईल, आणि घरी ते मोठ्या अभिमानाने सांगितले जाईल. ऊन नाही, ओझे नाही, खुर्ची आहे. हा अभिमान मी कमी लेखत नाही. ज्यांच्या आजोबांनी भट्टीवर विटा थापल्या त्यांना खुर्चीचे मोल आमच्यापेक्षा जास्त कळते. पण त्या खुर्चीला अधिकार किती? सहापैकी एकाला गप्प करण्याचा पॉवेलचा अधिकार तिला आहे काय? थांबवले म्हणून वेळ वाया गेला, तर तो कोणाच्या नावावर पडेल? आणि न थांबवल्यामुळे कोणाचा पाय चिरडला, तर?

चापेकच्या नाटकाअखेर रोबो सगळ्या माणसांना संपवतात आणि एकट्या अल्क्विस्टला जिवंत ठेवतात. तो बांधकामावर देखरेख करणारा. पण स्वतः गवंडीकाम करतो, आपल्यासारखाच हाताने राबतो, म्हणून त्यांनी त्याला राखले. नाटककाराने सुटका दिली ती हात मळलेल्या देखरेख्याला. पडद्यापुढे बसवलेल्या मुलाला यंत्राजवळ जाण्याचीच बंदी असते. सुरक्षेसाठी, आणि ते योग्यही आहे. तेव्हा त्याला दुसरे काहीतरी द्यावे लागेल : ताफा थांबवण्याचा लेखी अधिकार, थांबवल्याबद्दल पगार न कापण्याची हमी, आणि काय काय थांबवले याची त्याच्याही हाती राहणारी नोंद. मुलगा नेमणूकपत्र दाखवायला महाविद्यालयात येतो, तेव्हा पगाराच्या आकड्याखालचा मजकूर आम्ही आता त्याच्यासोबत बसून, ओळीवर बोट ठेवून वाचतो.