दहा टक्क्यांची सचोटी

सचोटी टक्क्यांत मोजता येते, अशी आपल्या विद्यापीठांची समजूत झालेली दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विनियम काढले. त्यांनुसार प्रबंध संगणकाकडून तपासून घ्यायचा. इतरांच्या प्रसिद्ध मजकुराशी त्याचे साम्य किती, ते संगणक सांगणार. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून आणायचा. चाळीस ते साठ टक्के असेल तर वर्षभर तो सादर करायला बंदी, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द.

असा नियम असावा, याविषयी आमचे दुमत नाही. परक्याचे पान उचलून आपल्या नावावर खपवणाऱ्याला कोठेतरी अडवलेच पाहिजे. परंतु या कोष्टकामुळे एक घातक समजूत रूढ झाली आहे. अहवालावर नऊ टक्क्यांचा आकडा उमटला की विद्यार्थी सुटला, मार्गदर्शक सुटले आणि विद्यापीठही सुटले! आमचे म्हणणे असे की, संशोधनातील सर्वांत मोठे असत्य या चाळणीतून सुखरूप निसटते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आपल्याच देशातील एका जुन्या प्रकरणाकडे वळले पाहिजे.

चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता हे भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. हिमालयातील जीवाश्मांवर त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांत शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध केले. खडकाच्या कोणत्या थरात कोणत्या प्राचीन जीवाचा अवशेष सापडला, यावरून त्या थराचे वय ठरवले जाते. म्हणून जीवाश्म नेमका कोठे मिळाला, ही नोंद या शास्त्राचा पायाच होय. ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलंट यांनी एप्रिल १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लेख लिहून या पायालाच सुरुंग लागल्याचे दाखवून दिले. हिमालयातले म्हणून वर्णिलेले काही सूक्ष्म जीवाश्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक येथील नमुन्यांशी हुबेहूब जुळत होते. काही अमोनॉइड, म्हणजे शंखासारख्या वेटोळ्या कवचाचे सागरी जीव, मोरोक्कोतील एरफूद भागातले वाटत होते. आणि तिकडचे असे जीवाश्म परदेशांतील दुकानांत विकत मिळतात. गुप्ता यांनी आरोप नाकारले. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत ते दोषी ठरले. तरीही २००२ साली निवृत्त होईपर्यंत ते त्याच विद्यापीठात राहिले.

आता हे निबंध आजच्या संगणकाला तपासायला दिले असते, तर त्याने काय सांगितले असते? मुख्य आरोप वाक्ये चोरल्याचा नव्हताच. आरोप होता तो दगड जेथे सापडला नाही, तेथे तो सापडल्याचे सांगितल्याचा. शब्द स्वतःचे आणि साक्ष खोटी! जो प्रयोग केलाच नाही त्याचे निष्कर्ष, ज्या घरी पाऊल टाकले नाही तेथील मुलाखत, जी प्रश्नावली एका रात्रीत खोलीत बसून भरली तिची कोष्टके, हे सारे शंभर टक्के ‘मौलिक’ असते. कल्पनेतून निघालेल्या आकड्यांचे साम्य कोणाशी जुळणार? संगणक शब्दांचा पहारेकरी आहे. सत्य त्याच्या कक्षेत येत नाही.

शास्त्र आपल्या चुका आपणच दुरुस्त करते, असे काही विद्वान यावर म्हणतील. हे वचन ऐकायला गोड आहे. पण गुप्तांच्या बाबतीत या दुरुस्तीला सुमारे पाव शतक लागले, आणि ती आपोआप झाली नाही. कोणीतरी जुने निबंध एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, वैर पत्करले आणि नाव घेऊन लिहिले, तेव्हा ती झाली. तोवर गुप्तांना शंभराहून अधिक सहलेखक मिळाले होते. त्यांपैकी अनेकांनी हाती आलेल्या नमुन्याचे वर्णन सद्भावनेने केले. तो कोठून आला, हे मात्र गुप्तांच्या शब्दावर सोडून दिले. निबंधाच्या माथ्यावर नाव छापून घेताना मान हवा आणि जबाबदारी नको, ही वृत्ती आजही विद्यापीठांतून संपलेली नाही. विद्यार्थ्याने राबून केलेल्या कामावर, ती नोंदवही एकदाही न उघडलेल्या विभागप्रमुखाचे नाव चढते, तेव्हा तीही चोरीच असते. तिचा टक्का कोण काढणार?

या रोगाला खतपाणी घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे मोजणीचा हव्यास. प्रबंध सादर करण्यापूर्वी एक तरी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, अशी अट आयोगाने २००९ साली घातली. हेतू चांगला होता. पण मागणी वाढली तसा बाजार भरला. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके उगवली, आणि त्यांपैकी कित्येक आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतच जाऊन बसली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ नियतकालिके तपासली; त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची निघाली. हा अभ्यास २०१८ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. शिफारस करणारी विद्यापीठेच होती, हे वाचकांनी विसरू नये. शोधनिबंधाची ती सक्ती अखेर २०२२ साली उठली. पण शिक्षकांच्या नेमणुकीत आणि बढतीत निबंधांची संख्या अजूनही बोलते.

मग करायचे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. मूळ नोंदी, नमुने, भरलेल्या प्रश्नावल्या विभागाने जपून ठेवाव्यात आणि परीक्षकाने मागितल्यास त्या पुढे करणे बंधनकारक असावे. प्रत्येक सहलेखकाने आपण नेमके कोणते काम केले, ते लेखी द्यावे. तक्रारीची चौकशी त्या विद्यापीठाबाहेरच्या व्यक्तींनी ठरावीक मुदतीत करावी आणि तिचा निष्कर्ष जाहीर व्हावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला अभय मिळावे. ज्यांच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकत नाही, त्यांच्याविरुद्ध तो तोंड कसे उघडणार? आयोगाने २०२० साली चांगल्या संशोधनपद्धतीविषयी मार्गदर्शिका काढली आहे. पण मार्गदर्शिका कपाटात राहते आणि टक्क्यांचा अहवाल प्रबंधाला जोडला जातो, हे वास्तव आहे.

हा प्रश्न विद्यापीठाच्या भिंतींआडचा आहे, असे आपल्या कुटुंबांनी मानू नये. याच संशोधनाच्या आधारे औषधे ठरतात, शेतीचे सल्ले दिले जातात, धरणांच्या जागा निवडल्या जातात. शिवाय आपल्या घरांतील मुले-मुली आता मोठ्या संख्येने या वाटेवर आहेत. धर्मग्रामात कोणाला पीएच.डी. मिळाली की आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, आणि तो करावाच. पण पदवी हाती येईपर्यंत आपण त्या मुलीला काय विचारतो? ‘कधी संपणार?’, ‘किती पेपर झाले?’ एवढेच ना? प्रयोग तीनदा फसला म्हणून तिचे वर्ष वाढले, तर तिला उणे लेखू नका. फसलेला प्रयोग फसला म्हणून लिहिणारी ती मुलगीच संशोधक आहे. पदवी वेळेवर मिळवण्यासाठी तिने वहीत खोटा आकडा लिहावा, असा धाक तिला निदान आपल्या उंबरठ्याच्या आत तरी वाटता कामा नये.