११२ पौंडांचा न्याय

मुष्टियुद्धातील थोरांच्या याद्या करणाऱ्यांची एक स्वतंत्र जात आहे. हेवीवेटच्या प्रांतात ही मंडळी अहोरात्र भांडत असतात. महंमद अली मोठा की जो लुई, या वादात त्यांनी जितकी शाई सांडली तितके रक्त त्या दोघांनी मिळूनही सांडले नसेल. परंतु फ्लायवेटची पाळी आली की हे पंडित एकाएकी शांत होतात. पहिला जिमी वाइल्ड, दुसरा पांचो व्हिया, आणि पुढच्या जागा ज्याची जशी स्मरणशक्ती तशा भरायच्या. फ्लाय म्हणजे माशी. माश्यांची गणती नीट करायला वेळ कोणाला आहे?

आता यांच्या जोडीला आकडेवाल्यांचा नवा पंथ निघाला आहे. किती वेळा विजेतेपद राखले ते मोजा आणि उतरत्या क्रमाने नावे लिहा, एवढाच त्याचा मंत्र. थायलंडच्या पोंगसाक्लेक वोंजोंगकामने २००१ ते २००७ या काळात १७ वेळा विजेतेपद राखले. अर्जेंटिनाच्या पास्कुअल पेरेझने नऊ वेळा. तेव्हा थायी वीर वर, पेरेझ खाली. हिशेब सरळ, सोपा आणि साफ चुकीचा!

मी शाळामास्तर आहे. नंबर लावण्याचा धंदा माझाही आहे. गावात एकच शाळा असेल तर पहिला कोण हे सांगता येते. चार शाळा निघाल्या आणि प्रत्येकीने आपापला पहिला मिरवत आणला, की 'पहिला' या शब्दाचाच अर्थ पातळ होतो. पेरेझच्या काळी जगात फ्लायवेटचा मुकुट एक होता. आज चार संस्था आहेत आणि त्यांचे चार मुकुट. तेवढ्यावर भागले असते तरी बरे होते. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ साली जे वजनगट बांधले त्यात ११२ पौंडांचा फ्लायवेट हा तळ होता. त्याखाली काही नव्हते, आणि वर थेट ११८ पौंडांचा बँटमवेट. पुढे १९७५ साली १०८ पौंडांचा गट निघाला, १९८० साली ११५ चा, १९८७ साली १०५ चा. म्हणजे जिथे दोन सिंहासने होती तिथे आज पाच गट आणि चार संस्था मिळून वीस खुर्च्या मांडल्या आहेत. या वीस खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर किती काळ बसलो, हे मोजून पूर्वजांना हिणवायचे!

तराजूचे प्रकरण तर याहून गंभीर आहे. पूर्वी ज्या दिवशी लढत त्याच दिवशी वजन होई. १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी करण्याची रीत पडली. हेतू चांगला होता. सुकलेल्या शरीराला पाणी मिळावे, डोक्यावरचे ठोसे प्राणघातक ठरू नयेत. पण परिणाम काय झाला? मोठ्या हाडाचा माणूस घाम गाळून, पाणी तोडून काट्यावर क्षणभर ११२ दाखवतो आणि दुसऱ्या रात्री कितीतरी पौंड भरून रिंगणात उतरतो. ज्या लहान माणसासाठी हा गट काढला त्याच्या अंगावर पुन्हा मोठाच माणूस! 'आजचा फ्लायवेट जुन्याला सहज लोळवील' असे जे म्हणतात, त्यांना मी एवढेच विचारतो की लोळवणारा त्या घटकेला फ्लायवेट असेल काय?

तेव्हा माझी कसोटी वेगळी आहे. घंटा वाजली त्या क्षणी माणूस खरोखर किती वजनाचा होता, समोर किती वजन होते, तो कोणाच्या गावी जाऊन लढला आणि तो मुकुट सगळ्या जगाचा होता की नाही, हे पाहायचे.

या कसोटीवर वाइल्ड उतरतो, यात शंका नाही. वेल्सच्या कोळसाखाणीत राबलेला, जत्रेतल्या तंबूंत येईल त्याच्याशी लढून पोट भरलेला हा किडकिडीत माणूस बहुधा १०८ पौंडांच्या आतच राही आणि आपल्याहून जड माणसे आडवी करी. १९१६ साली तो जगज्जेता झाला. १९२१ साली लंडनला पीट हर्मन या माजी बँटमवेट जगज्जेत्यापुढे तो उभा राहिला तेव्हा मात्र दोघांतले वजनाचे अंतर त्याला झेपले नाही; १७ व्या फेरीत लढत थांबवावी लागली. त्या पराभवाने मी त्याचा एक गुणही कापत नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. त्याचे 'जग' म्हणजे ब्रिटन आणि अमेरिका. मनिला, टोकियो, बँकॉक ही त्या नकाशावर नव्हतीच.

व्हियाने तो नकाशा फाडला हे खरे. १९२३ साली न्यूयॉर्कला वाइल्डला सातव्या फेरीत पाडून हा फिलिपिनो पोरगा आशियाचा पहिला जगज्जेता झाला. पण समोरचा वाइल्ड एकतीस वर्षांचा आणि दोन वर्षांहून अधिक काळ न लढलेला होता, हे यादीवाले सांगत नाहीत. १९२५ साली दाताच्या विषाराने व्हिया तेविसाव्या वर्षी गेला. अकाली मृत्यूला आपण नेहमीच वाढीव गुण देतो.

पहिली जागा मी पेरेझला देतो. उंची पाच फुटांहूनही कमी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने फ्लायवेटचे सुवर्ण घेतले; त्याच ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या फ्लायवेट गटात आपला खाशाबा जाधव सहावा आला होता. (खाशाबांचे नाव आपण १९५२ च्या हेलसिंकीपासून घेतो, लहान गड्याकडे पाहायला आपल्यालाही उशीरच होतो.) पेरेझ व्यावसायिक झाला १९५२ च्या अखेरीस, सव्विसाव्या वर्षी. योशिओ शिराई हा जपानचा पहिला जगज्जेता. त्याच्याशी ब्युनॉस आयरिसमध्ये बरोबरी झाली, तेव्हा पेरेझ नोव्हेंबर १९५४ मध्ये टोकियोला गेला आणि शिराईच्या माणसांसमोर त्याने मुकुट काढून आणला. पुढेही तो मनिलात लढला, जपानात लढला, आणि १९६० साली मुकुट गमावला तोही बँकॉकला, पोन किंगपेचच्या घरी. घरी बसून विजेतेपदे राखणाऱ्यांनी आपल्या आकड्यांपुढे ही गावांची नावे लिहून पाहावीत.

दुसरा वाइल्ड. तिसरा मेक्सिकोचा मिगेल कांतो, आणि इथे ठोशाचे भक्त माझ्यावर धावून येतील, कारण त्याच्या हातात पाडणारा ठोसा नव्हता. १९७५ ते १९७९ या काळात १४ वेळा मुकुट राखला तो पायांवर आणि डाव्या हातावर. मुकुट मिळवला तोही जपानात जाऊन. व्हिया चौथा. त्याच्यामागे निकाराग्वाचा रोमान गोन्सालेस. तो १०५ पौंडांपासून चढत ११५ पर्यंत गेला. शरीर सुकवून खाली उतरला नाही, म्हणून आजच्यांपैकी त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

ग्लासगोचा बेनी लिंच मात्र मला छळतो. १९३७ साली पीटर केनला १३ व्या फेरीत पाडणारा लिंच ज्या कोणासमोर उभा करावा त्याला भारी पडला असता. १९३८ साली तो काट्यावर साडेसहा पौंड जास्त भरला आणि रिंगणात उतरण्याआधीच मुकुट गेला. दारूने १९४६ साली तोही गेला, वय ३३. माझीच कसोटी लावली तर त्याला सहाव्या जागेच्या वर नेता येत नाही, आणि मी नेत नाही.