मुलाच्या गळ्यावरची गाठ : बिब्बा नको, तपासणी हवी

लेकराच्या गळ्यावर गाठ दिसली की गंडमाळ समजून बिब्बा घालायचा किंवा गाठ चिरून घ्यायची, याला माझा ठाम विरोध आहे. गळ्याच्या मधोमध असलेली गाठ जीभ बाहेर काढताच वर सरकली, तर ती बहुधा जन्मजात असते. नुसती चिरल्यास ती पुन्हा भरते. हायॉइड या लहान हाडाच्या मधल्या भागासह ती काढावी लागते, डॉ. सिस्ट्रंक यांनी १९२० मध्येच हे दाखवून दिले. मात्र आधी सोनोग्राफी कराच. क्वचित ती गाठ म्हणजेच मुलाची एकमेव थायरॉईड ग्रंथी असते! नांदेड, लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पालकांनो, गाठ पिकण्याआधी तिथे दाखवा.